हवा फुकट, इंधन नाही: ‘ह्यू लिंडसे’चा धडा

बोटीच्या छोट्या इंजिनावर सुपरचार्जर बसवून प्रयोग करायचा, म्हणून मी तीन ठिकाणची कोटेशन्स मागवली आणि सगळ्यात स्वस्त निवडलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला, “आणि पेट्रोलचं काय?” मी गप्प. हा प्रश्न मुंबईच्या गोदीत जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच पडला होता, हे मला नंतर वाचताना कळलं.

१८२९मध्ये मुंबईच्या सरकारी गोदीत, म्हणजे आजच्या नौदलाच्या गोदीत, ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनी आगबोट तयार झाली. बांधणी नवरोजी जमशेटजी वाडियांची. इंजिनं दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची. मुंबई सरकारला सुएझमार्गे विलायतेशी टपाल जलद न्यायचं होतं. पण बोटीत कोळसा मावत होता साडेपाच दिवसांचा, आणि पहिला थांबा, एडन, त्याहून बराच लांब!

मग केलं काय? केबिनमध्ये, डेकवर, जागा मिळेल तिथे कोळसा भरला. वजनाने बोट खोल बसली, तिची चाकं पाण्यात जास्त बुडाली, वेग घटला. म्हणजे जास्त कोळसा वाहण्यासाठीच जास्त कोळसा जाळायचा. २० मार्च १८३०ला कमांडर जॉन विल्सन निघाले आणि ११ दिवसांनी एडनला पोचले, तेव्हा कोळसा जवळपास संपला होता. सुएझ आलं २२ एप्रिलला. ३३ दिवसांतले सुमारे १२ दिवस नुसता कोळसा भरण्यात गेले. तो कोळसाही विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून आणलेला! बोट सुएझला पोचली, हे सिद्ध झालं. पण लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना हा खर्च परवडेना. पुढे १८३९मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची गरज हे एक मोठं कारण होतं.

आता सुपरचार्जर. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. पण पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. शिवाय सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच चालतो, म्हणजे मिळालेल्या ताकदीतला वाटा आधी स्वतःच खातो. दाबल्याने हवा तापते, तिला थंड करणारा कूलर वेगळा. या सगळ्याचं वजन बोटीवरच.

मी प्रस्ताव पुन्हा लिहिला: यंत्राच्या किमतीखाली तासाला किती पेट्रोल, किती तास चाचणी, कूलर, सुटे भाग. बेरीज केल्यावर स्वस्त कोटेशन स्वस्त राहिलं नाही, आणि मी दाब कमी ठेवणारा छोटा ब्लोअर निवडला.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा उपकरणाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना जरूर आखा: ‘हे चालवायला रोज काय लागेल?’ कोळसा ठेवायला जागा आहे का, हे बोट बांधण्याआधीच विचारायचं असतं.