घरगुती ध्वनिचित्रफितीतील मराठी विनोदी चित्रपट : पाठचिकित्सेच्या दृष्टीने काही विचार

१

मराठी चित्रपटाच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न विचारला असता मूळ निगेटिव्ह, चित्रगृहात दाखविली गेलेली प्रत, पटकथेचे हस्तलिखित, जाहिराती आणि समकालीन परीक्षणे ही नावे प्रथम सुचतात. परंतु १९८० नंतरच्या काळात बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी, आणि त्यांच्यामागून बहुसंख्य अभ्यासकांनीही, ज्या प्रतीवरून हे चित्रपट पाहिले ती यांपैकी कोणतीच नव्हे. ती प्रत म्हणजे घरी पाहण्यासाठी विकलेली किंवा भाड्याने दिलेली ध्वनिचित्रफीत : प्रथम व्हिडिओ कॅसेट, मागाहून व्हीसीडी आणि डीव्हीडी. असे असूनही ‘अमुक चित्रपटात अमुक प्रसंग आहे’ असे विधान करताना तो प्रसंग कोणत्या प्रतीत आहे, हे सांगण्याची प्रथा आपल्याकडे पडलेली नाही.

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही शिथिलता चालत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठभेदाचा विवेक मराठीला परिचित आहे. विसाव्या शतकात राजवाड्यांनी आपल्या प्रतीची ज्ञानेश्वरी छापून तो वाद पुन्हा जागविला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे जवळजवळ अर्धशतक चालविले. हाच विवेक ध्वनिचित्रफितीला लावला तर काय निष्पन्न होते, ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. उदाहरणे विनोदी चित्रपटांची घेतली आहेत, त्याला कारण आहे. घरी पुनःपुन्हा पाहिला जातो तो मुख्यत्वे विनोदी चित्रपट, आणि प्रतीतील लहानशा न्यूनाने सर्वांत अधिक दुखावतो तोही विनोदच. करुण प्रसंगातील अर्धा क्षण गळला तरी करुण रस टिकून राहतो. विनोदातील अर्धा क्षण गळला की विनोदच उरत नाही.

२

प्रथम कालक्रम ध्यानात घेतला पाहिजे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये बाजारात आणली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच सुमारास व्हिडिओ यंत्रांचा प्रसार झाला. भाड्याने कॅसेट देणारी दुकाने, व्हिडिओ पार्लर आणि लांब पल्ल्याच्या व्हिडिओ कोच गाड्या ही त्या दशकातील चित्रपट पाहण्याची नवी स्थाने होत. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ मध्ये स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्म ही चित्रपटाच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट करावी लागली.

हा काळ आणि मराठी विनोदी चित्रपटाच्या भरभराटीचा काळ यांची जोड लक्षणीय आहे. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा आणि ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. म्हणजे हे चित्रपट आधी चित्रगृहात गाजून मग कॅसेटवर आले. उलट ‘धूमधडाका’ (१९८५), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘थरथराट’ (१९८९) हे चित्रपट निघाले तेव्हा घरोघरी यंत्रे येऊ लागली होती. पहिल्या वर्गाला कॅसेट हे उत्तरायुष्य होते. दुसऱ्या वर्गाला ती चित्रगृहाची सहचारिणी होती.

१९९३ मध्ये व्हीसीडीचे प्रमाण निश्चित झाले. तिचा आपल्याकडील प्रसार मुख्यतः त्या दशकाच्या अखेरीचा आणि पुढील दशकाचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला, आणि भाड्याच्या कॅसेटची जागा विकतच्या तबकडीने घेतली. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. दादा कोंडके १९९८ मध्ये वारले; लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये. मास्टर विनायक तर १९४७ मध्येच गेले होते. त्यांच्या ‘ब्रह्मचारी’चे (१९३८) लेखक आचार्य अत्रे १९६९ मध्ये. तात्पर्य, या तबकड्यांपैकी अनेकींना मूळ कर्त्याची संमती असणे शक्यच नव्हते. त्या संपादकाविना निघालेल्या आवृत्त्या आहेत.

३

आवृत्तीची पहिली कसोटी पूर्णतेची. ती लावण्याचे साधन कायद्यानेच पुरविले आहे. १९८४ च्या दुरुस्तीने आलेल्या ५२-अ या कलमानुसार व्हिडिओ फिल्म प्रसिद्ध करणाऱ्याने मूळ चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, फीत तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कदाराचे नाव व पत्ता, आणि हक्कदाराची संमती मिळविल्याचे निवेदन ही माहिती फितीत व वेष्टनावर दाखविली पाहिजे. आरंभी काही क्षण झळकणारे ते प्रमाणपत्र प्रेक्षक वाचीत नाही. अभ्यासकाने मात्र ते थांबवून वाचावे, कारण त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या दिलेली असते. काटछाट करून प्रमाणपत्र दिले असल्यास त्यावर त्रिकोणाची खूणही असते.

पस्तीस मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालली असता मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणजे ४,००० मीटरचा चित्रपट चित्रगृहात सुमारे १४६ मिनिटे चालतो. परंतु आपल्या दूरदर्शनची पाल पद्धती सेकंदाला २५ चौकटींची आहे. चौकटीस चौकट जुळवून फीत उतरविली तर तोच चित्रपट १४० मिनिटांत संपतो, आणि त्यातून काहीही गळालेले नसते. ही सहा मिनिटे पाहून ‘काटछाट झाली’ असा निष्कर्ष काढणारा चुकतो. उलट तीच तबकडी १३२ मिनिटांची भरली, तर आठ मिनिटांचा हिशेब प्रकाशकाकडे मागता येतो. हे गणित साधे आहे. पण ते न करता केलेली पूर्णतेची विधाने केवळ अंदाज ठरतात.

गतीतील या फरकाचा परिणाम लांबीपुरता नाही. चार टक्क्यांनी वाढलेल्या गतीबरोबर आवाजाची पट्टीही थोडी चढते, आणि वाक्यांमधील विराम तेवढेच आखडतात. विनोदी नट प्रेक्षागृहातील हशा ओसरण्यासाठी जो विराम ठेवतो तो मोजून ठेवलेला असतो. ‘सोंगाड्या’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ या दोन्हींचे लेखन वसंत सबनिसांचे. लोकनाट्याच्या रंगमंचावरून आलेल्या या लेखकाच्या संवादात प्रश्न, विराम आणि उत्तर यांची वीण घट्ट असते. गतीचा फरक त्या विणीला लगेच जाणवतो, मग प्रेक्षकाला त्याचे कारण सांगता येवो वा न येवो.

व्हीसीडीची आणखी एक मर्यादा आहे. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावते. म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागला जातो. मध्यंतर हे विनोदी पटकथेतील एक रचनास्थान आहे : घोटाळा शिगेला पोचला की पडदा पडतो. तबकडी मध्यंतराशी जुळवून तोडली नसेल, तर जेथे लेखकाने थांबण्यास सांगितले तेथे चित्रपट थांबत नाही आणि जेथे थांबू नये तेथे प्रेक्षकाला उठावे लागते.

४

दुसरी कसोटी चौकटीची. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ दूरदर्शनच्या जुन्या पडद्याच्याच प्रमाणाची असल्याने ‘ब्रह्मचारी’सारखा चित्रपट घरगुती पडद्यावर फारसा कापला जात नाही. याउलट महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद, तर जुन्या दूरदर्शनचा पडदा १.३३ पट. असा चित्रपट पडदा भरून दाखवावयाचा म्हटले तर रुंदीचा सुमारे ४३ टक्के भाग टाकून द्यावा लागतो. विनोदात हा भाग निरुपयोगी नसतो. एका टोकाला बोलणारा आणि दुसऱ्या टोकाला ऐकून चेहरा बदलणारा, अशा दोघांत मिळून विनोद घडतो. चौकट कापली की बोलणारा राहतो आणि ऐकणारा जातो. पडद्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या ठेवणारी आवृत्ती प्रेक्षकाला अपुरी वाटते. वस्तुतः तीच पूर्ण असते.

यातून एक विपर्यास उद्भवतो. तंत्राने अद्ययावत असलेला १९९० चा चित्रपट घरगुती फितीत अधिक जखमी होतो आणि अर्धशतकापूर्वीचा चित्रपट तुलनेने धड राहतो. म्हणून आवृत्तीचा दर्जा चित्रपटाच्या वयावरून ठरविणे युक्त नव्हे.

५

तिसरी कसोटी भाषेची. मराठी विनोदी चित्रपटातील, विशेषतः कोंडके यांच्या चित्रपटांतील, द्व्यर्थी वाक्याचा आधार पुष्कळदा उच्चार असतो : शब्द कोठे तोडला, कोणत्या अक्षरावर आघात दिला, कोणता स्वर लांबविला. अशा स्थळी ध्वनिपथाची अस्पष्टता म्हणजे पाठाची भ्रष्टता होय. झिजलेल्या कॅसेटवर उच्चारातील हे भेद बुजले की दोन अर्थांपैकी एकच उरतो, आणि बहुधा जो उरतो तो अधिक ढोबळ असतो. या चित्रपटांवरील ग्राम्यतेच्या आरोपाचा विचार करताना आरोप करणाऱ्याने कोणती प्रत ऐकली, हा प्रश्नही विचारला पाहिजे. सर्व आरोप त्याने मिटतील असे नाही. पण काही प्रतीवर जातील.

अक्षरपट्टीचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हीसीडीवर ती चित्रातच छापावी लागते आणि काढून टाकता येत नाही. डीव्हीडीवर मात्र ३२ अक्षरपट्ट्या आणि आठ ध्वनिपथ ठेवता येतात. तंत्राने एवढी सोय दिली असता श्लेषाचे दोन्ही अर्थ सांगणारी सटीप अक्षरपट्टी देणे अशक्य नव्हते. तसा उपयोग झाला नाही, कारण प्रकाशकाच्या लेखी हा माल स्वस्त करमणुकीचा होता.

या भाषिक प्रश्नाचे एक अंग डहाणू आणि तलासरी या सीमावर्ती तालुक्यांकडे पाहिले असता विशेष स्पष्ट होते. ग्रिअर्सनने भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात उत्तर कोकणातील ज्या बोलींचा परामर्श घेतला त्यांत वारली आणि वाडवळ यांचा समावेश आहे. वाढवणसारखे किनाऱ्यावरील गाव, तलासरीचे आदिवासीबहुल पाडे आणि सीमेपलीकडील उंबरगाव यांच्या दरम्यान मराठी, गुजराती आणि या बोली यांची ये-जा नित्याची आहे. कोंडके यांनी ‘पांडू हवालदार’ गुजरातीत ‘चंदू जमादार’ या नावाने केला आणि ‘राम राम गंगाराम’ (१९७७) याचेही ‘राम राम आमथाराम’ हे गुजराती रूप निघाले. म्हणजे एकाच विनोदाच्या दोन भाषांतील दोन संहिता या सीमेच्या दोन बाजूंना उपलब्ध झाल्या. दोन्ही भाषा कळणाऱ्या श्रोत्यापुढे या दोन संहिता शेजारी ठेवल्या, तर कोणता श्लेष भाषांतरात टिकला, कोणता बदलला आणि कोणता सोडून दिला, हे नेमके कळू शकते. देशावरच्या ग्रामीण मराठीवर बेतलेला विनोद वारली किंवा वाडवळ बोलणाऱ्या श्रोत्याला कोठे पोचतो आणि कोठे अडतो, हाही अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी दोन्ही भाषांतील पूर्ण आणि स्वच्छ प्रती हव्यात.

६

प्रती टिकविण्याची व्यवस्था मात्र दुबळी आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. ध्वनिचित्रफिती त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. चित्रपटाच्या फिती जपणे हे त्याचे कार्य; परंतु २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला, हे विसरता येत नाही. मूळ फीत गेली की दुय्यम प्रतीचे मोल वाढते, आणि येथे दुय्यम प्रतही क्षीण होत आहे. व्हीएचएस यंत्रे बनविणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने सुटतो. स्वस्त तबकड्यांचा परावर्तक थरही दीर्घकाळ भरवशाचा नाही. आंतरजालावर आज जे पाहावयास मिळते त्यातील पुष्कळ भाग याच प्रतींवरून उतरविलेला आहे. त्यांतील दोष पुढे जातात आणि प्रमाणपत्राचे आरंभीचे क्षण बहुधा कापले जातात. म्हणजे पूर्णतेची कसोटी लावण्याचे साधनच प्रथम नाहीसे होते.

यासाठी फार मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. विद्यापीठातील मराठी आणि इतिहास विभागांनी उपलब्ध कॅसेट व तबकड्यांची वर्णनात्मक सूची करावी, आणि तीत प्रमाणपत्रावरील लांबी, प्रत्यक्ष वेळ, चौकटीचे प्रमाण, तबकडी कोठे तुटते ते स्थान, अक्षरपट्टी आणि प्रकाशकाचा उल्लेख एवढ्या नोंदी घ्याव्यात. चित्रपटावर लिहिणाऱ्या प्रत्येक प्रबंधात आधारभूत प्रतीचा निर्देश आवश्यक मानावा. हस्तलिखितांच्या सूचींचे काम मराठीत याच पद्धतीने उभे राहिले : कोणती पोथी, कोणाच्या घरी, किती पाने, आरंभ कोठे, शेवट कोठे.

एखाद्या पोथीची पाने वाळवीने खाल्ली तर तेथे छिद्र दिसते, आणि संपादक तेवढी जागा रिकामी सोडतो. ध्वनिचित्रफितीतील गळती मात्र दिसत नाही. चित्रे पुढे सरकत राहतात आणि प्रेक्षक हसतही राहतो. ही गळती भरून काढता आली नाही तरी ती कोठे आहे हे सांगता आले पाहिजे, आणि तेवढे काम प्रमाणपत्र, घड्याळ व सूची या तीन साधनांनी होण्यासारखे आहे.