फडावरचं बाळंतपण

‘मिमी’ (२०२१) आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिला असेल. पिक्चर विनोदी आहे आणि त्यातला बराचसा विनोद एकाच प्रश्नावर चालतो: नाचणाऱ्या मुलीने वाढतं पोट लपवायचं कसं? मिमी पैशांसाठी एका अमेरिकन जोडप्याचं मूल पोटात वाढवते, घरी खोटं सांगते आणि शमा या मैत्रिणीच्या आधाराने दिवस काढते. जोडपं पाठ फिरवतं, शमा फिरवत नाही. शमाचं काम सई ताम्हणकरने केलंय. मूळ गोष्टही मराठीच, समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ची.

‘मिमी’चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी पुढे विठाबाई नारायणगावकरांवर हिंदी चित्रपट हाती घेतला. मिमी आणि विठाबाई, दोघी नाचणाऱ्या. पण विठाबाईंना पोट लपवायची सोय नव्हती.

जुन्नर तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावसह लांबलांबच्या गावांचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. ग्रामदैवताच्या जत्रेची तिथी पुढे ढकलता येत नाही. बाळंतपणाचीही नाही.

विठाबाईंचा जन्म १९३५चा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाचा फड गाजलेला होता. विठाबाईंनी पुढे स्वतःचा फड चालवला. राष्ट्रपतींकडून त्यांचा दोनदा सन्मान झाला, १९५७ आणि १९९० साली.

तमाशात बायकांच्या मैत्रीला हक्काची जागा आहे, ती गौळणीत. राधा, तिच्या सख्या आणि मावशी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. सगळ्यात जास्त हशा मावशीला मिळतो आणि मावशीचं सोंग परंपरेने पुरुष घेतो. म्हणजे बाईच्या वयावर, शरीरावर विनोद करणारा पुरुष आणि शेजारी चाळ बांधून नाचणाऱ्या खऱ्या बायका, अशी ही मांडणी.

अशाच एका रात्री नऊ महिन्यांच्या गरोदर विठाबाई नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. पोट दिसेना म्हणून लोकांनी विचारलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

हा प्रसंग आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. तशी सांगितली की टाळ्या वाजवून मोकळं होता येतं. मग बाळंतिणीला नाचावं का लागलं, हे कोणी विचारत नाही.

खरं तर हा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९२९ चा मुंबईचा कायदा कारखान्यातल्या बायकांपुरता होता. केंद्राचा कायदा १९६१ साली आला आणि १९७३ च्या दुरुस्तीने कसरतीचे व इतर खेळ करणाऱ्या कंपन्याही त्यात घेतल्या. २०१७ साली रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. आमच्या आयटीत ती पोर्टलवर दोन क्लिकमध्ये मागता येते.

पण हा कायदा मालक वेगळा आणि कामगार वेगळी असं धरून चालतो. विठाबाई फडाच्या मालकीण होत्या आणि लोक ज्यांच्यासाठी येत त्या नाचणाऱ्याही त्याच. त्या बसल्या तर ढोलकीवाल्यापासून सगळ्यांची चूल बसणार. अशा बाईने रजा मागायची कोणाकडे?

विठाबाई जानेवारी २००२ मध्ये गेल्या. शेवटची वर्षं ओढगस्तीची होती. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

त्या रात्रीचा शेवट मात्र सांगताना बऱ्याचदा गळतो. प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईंना विश्रांती घ्यायला सांगितलं. तिकीट काढून आलेल्या लोकांनी दिलेली ती रजा. चित्रपट येईल तेव्हा दगड आणि नाळ पडद्यावर दिसेलच. मी वाट पाहीन ती या माणसांची, आणि कनातीमागे बाळाला उचलून घेणाऱ्या एखाद्या शमाची.