काळ्या पडद्यामागें

भुताच्या गोष्टी या मुलांच्या, फार तर फावल्या वेळच्या वाचनाच्या, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. पुष्कळ दिवस आमचाहि तोच समज होता. परंतु भुतांवर यत्किंचितहि विश्वास नसलेला मनुष्य अशी गोष्ट वाचतांना पान उलटण्यास कां कचरतो, आणि तरीहि तें उलटल्यावांचून त्यास कां राहवत नाहीं, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत या भीतीची पद्धतशीर मशागत गॉथिक कादंबरीनें केली. तिचा इतिहास पाहतां असें आढळून येतें कीं, लेखक भूत कसें दाखवितो यापेक्षां तें किती वेळ दाखवीत नाहीं, यावरच वाचकाची उत्कंठा अवलंबून असते.

या परंपरेचा आरंभ होरेस वॉलपोल याच्या 'ऑट्रँटोचा किल्ला' या कादंबरीपासून धरितात. १७६४ च्या डिसेंबरांत ती प्रसिद्ध झाली. ती आपली म्हणून सांगण्याचें धैर्य लेखकास प्रथम झालें नाहीं; एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलेल्या इटालियन पुस्तकाचें हें भाषांतर आहे, अशी बतावणी त्यानें केली. लोकांस ती आवडली, तेव्हां दुसऱ्या आवृत्तींत त्यानें कर्तृत्व कबूल केलें व तिला 'गॉथिक कथा' असें नांव दिलें. या कथेच्या आरंभींच, ऐन लग्नाच्या दिवशीं, नवरदेव एका अवाढव्य शिरस्त्राणाखालीं चिरडून मरतो. वाचक चकित होतो, पण भीत नाहीं. पहिल्याच घासाला पक्वान्न वाढल्यावर भूक ती कशी वाढणार? वॉलपोलची खरी करामत पुढें आहे. मृत वराचा बापच आतां नियोजित वधू इझाबेला हिच्याशीं लग्न करूं पाहतो. ती भुयारांतून पळत असतां वाऱ्याच्या झोतानें तिच्या हातांतील दिवा विझतो. येथें भूत नाहीं. अंधार आहे, मागें पाठलाग करणारा पुरुष आहे, आणि पुढील पाऊल कोठें पडेल हें ठाऊक नाहीं. पुढच्या लेखकांनीं उचलला तो हा विझलेला दिवा. शिरस्त्राणाच्या वाटेस फारसें कोणी गेलें नाहीं.

असें कां व्हावें, याचें उत्तर एडमंड बर्क यानें १७५७ सालींच देऊन ठेविलें होतें. उदात्त व सुंदर यांवरील आपल्या प्रबंधांत त्यानें अस्पष्टतेस भीतीची जननी ठरविलें. संकट केवढें आहे हें डोळ्यांस एकदां मोजतां आलें, कीं मन सावरूं लागतें.

हें तत्त्व कथेंत पूर्णपणें उतरविलें तें ॲन रॅडक्लिफ या बाईंनीं. योगायोग असा कीं, वॉलपोलची कादंबरी निघाली त्याच वर्षीं त्यांचा जन्म झाला. 'उडोल्फोचीं रहस्यें' ही त्यांची चार खंडांची कादंबरी १७९४ त प्रसिद्ध झाली. प्रकाशकानें तिच्यासाठीं पांचशें पौंड मोजले. आईबापांविना पोरकी झालेली एमिली आपल्या आत्याबरोबर अपेनाइन पर्वतांतील उडोल्फोच्या किल्ल्यांत येऊन पडते. आत्याचा नवरा माँटोनी हा त्या किल्ल्याचा धनी. तेथील एका दालनांत काळ्या पडद्यानें झांकलेलें कांहींतरी आहे. दुसऱ्या खंडांत एमिली तो पडदा बाजूस सारते आणि मूर्च्छित होऊन पडते. तिनें काय पाहिलें तें बाई सांगत नाहींत. परिणाम तेवढा दाखविला, कारण आपल्यापाशीं राखून ठेविलें. तिसरा खंड संपतो, एमिली किल्ल्यांतून निसटते, चौथा खंडहि सरत येतो. आणि मग कळतें कीं, पडद्यामागें मेणाचा एक पुतळा होता. कुजणाऱ्या प्रेताचा तो देखावा घराण्यांतील एका पूर्वजास प्रायश्चित्त म्हणून धर्माधिकाऱ्यांनीं नेमून दिला होता!

महाविद्यालयांत असतांना आम्हीं ही कादंबरी वसतिगृहांत रात्रीं जागून वाचली, आणि मेणाचा पुतळा निघतांच पुस्तक रागानें मिटून ठेविलें. आपली फसवणूक झाली, असें वाटलें. जेन ऑस्टेन यांनींहि या प्रकाराची मोठी गोड थट्टा केली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, निघालेल्या 'नॉर्दँगर ॲबी'मध्यें उडोल्फो वाचून भारावलेली कॅथरीन एका जुन्या कपाटांतून गूढ कागद काढते. मेणबत्ती विझते, रात्र तळमळण्यांत जाते, आणि सकाळीं ते कागद धोब्याच्या हिशेबाचे निघतात.

पुढें अध्यापनाच्या निमित्तानें आम्हांस उडोल्फो पुनःपुन्हां वाचावी लागली, आणि आमचें मत पालटलें. भूत खोटें निघालें हें खरें. पण माँटोनी खोटा निघाला काय? बायकोनें आपली मालमत्ता लिहून द्यावी म्हणून तो तिला कोंडतो. तिथेंच हाल होऊन ती मरते, आणि मग तोच कागद एमिलीपुढें येतो. विवाहित स्त्रीस मालमत्तेचा स्वतंत्र हक्क इंग्लंडांत सर्वसाधारणपणें १८८२ च्या कायद्यानें मिळाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या काळच्या वाचकिणींस हा कागद पुतळ्याहून कितीतरी जवळचा वाटला असेल. बाईंनीं पुतळ्याचा उलगडा केला. माँटोनीचा उलगडा करण्याची गरजच नव्हती.

एका शतकानें हेन्री जेम्स यानें पडदा मुळीं उघडलाच नाहीं. १८९८ सालच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या कथेंत ब्लाय येथील एकाकी वाड्यांत दोन पोरक्या मुलांना शिकविण्यास एक तरुणी येते. तिला बुरुजावर एक अनोळखी पुरुष दिसतो, पुढें खिडकीबाहेर दिसतो. या घरांत उडोल्फोसारखें कांहीं रहस्य तर नाहीं ना, अशी शंकाहि तिच्या मनांत येऊन जाते. घरची कारभारीण वर्णनावरून माणूस ओळखते, आणि मागाहून सांगते कीं, तो तर मेला आहे. एवढ्या एका वाक्यासाठीं जेम्सनें वाचकास किती वेळ तिष्ठत ठेविलें! पण तीं भुतें खरीं, कीं त्या तरुणीच्या मनाचे खेळ? एडमंड विल्सन यानें १९३४ त दुसरा पक्ष हिरीरीनें मांडला. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, त्या मुलांच्या चुलत्यानें, कांहींहि झालें तरी मला त्रास देऊं नये, अशी अट तिला आधींच घातली होती. मुलें खरोखर निराधार आहेत, तीं तेथें.

वॉलपोलनें पडदा तत्काळ उघडला, रॅडक्लिफबाईंनीं फार उशिरां, जेम्सनें कधींच नाहीं. परंतु तिन्ही ठिकाणीं परक्याच्या घरांत परक्याच्या मर्जीवर जगणारा एक असहाय जीव आहे. तो आहे म्हणूनच आपण त्या पडद्याकडे श्वास रोखून पाहतों. विद्यार्थी आम्हांस विचारतात, पडद्यामागें काय होतें? आम्ही त्यांस सांगतों, तें कळेलच. आधीं एमिलीच्या पाठीमागें कोण उभा आहे तें पाहा.