सव्वा गुंठ्यातलं रो-हाऊस: ह्यूस्टनच्या एका नियमाची गोष्ट

आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे, आधीच सांगतो. महापालिकेची मीटिंग. पण थांबा, लगेच स्किप करू नका.

टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर. तिथल्या प्लॅनिंग कमिशनपुढे अर्ज येतो: जुनं घर पाडायचं, प्लॉटचे तीन तुकडे करायचे आणि तिन्हींवर अरुंद, तीन मजली घरं बांधायची. तिकडे म्हणतात टाउनहोम, आपल्याकडे रो-हाऊस. शेजारी येतात, माइकवर बोलतात. गाड्या कुठे लावणार? पावसाचं पाणी कुठे जाणार? कमिशन सगळं ऐकून घेतं, आणि अर्ज नियमात बसत असेल तर मंजूर करतं. करावंच लागतं. टेक्सासचा कायदाच सांगतो की नियमात बसणारा लेआऊट नाकारता येत नाही, आणि ३० दिवसांत निर्णय दिला नाही तर तो मंजूर धरला जातो.

म्हणजे खरी भांडणं त्या खोलीत नसतातच. ती झालेली असतात नियम लिहिताना. मग हा नियम आला कुठून?

ह्यूस्टन हे अमेरिकेतलं झोनिंग नसलेलं सर्वांत मोठं शहर. आपल्याला यलो झोन, ग्रीन झोन हे शब्द पाठ असतात. तिथे तसलं काही नाही. १९४८, १९६२ आणि १९९३, तीन वेळा मतदान झालं आणि तिन्ही वेळा लोकांनी झोनिंग नाकारलं. पण घरासाठी किमान किती जागा हवी, हा नियम मात्र होता: ५,००० चौरस फूट. आपल्या हिशोबात साडेचार गुंठ्यांच्या वर. बाग, अंगण, गाडी, सगळं ऐसपैस.

१९९८ मध्ये शहराने मधल्या भागात, म्हणजे ६१० नंबरच्या रिंग रोडच्या आत, ही मर्यादा १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणली. सव्वा गुंठा आणि वर थोडं. जिथे एक घर होतं तिथे तीन बसू लागली. पुढे २०१३ मध्ये ही सवलत शहरभर लागू झाली. हजारो टाउनहोम उभी राहिली. अमेरिकेच्या कितीतरी शहरांत एका प्लॉटवर एकच घर, याच्यापलीकडे जाताच येत नाही. त्यामुळे घरांच्या किमतींवर बोलणारे अभ्यासक ह्यूस्टनचं उदाहरण हमखास देतात. आणि ते चुकीचं नाही. शहराच्या मध्यात मध्यमवर्गाला घर मिळणं ही छोटी गोष्ट नाही, मुंबई-पुण्यात भाडं भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण नियम सगळ्यांना सारखा लागला का? इथे गोष्ट वळण घेते.

शहरात रिव्हर ओक्स नावाची श्रीमंत वसाहत आहे, १९२० च्या दशकातली. तिथल्या खरेदीखतातच अटी लिहिलेल्या: घर कसं, किती मोठं. त्या काळी तर काळ्या माणसांनी तिथे घर घ्यायचं नाही, हीसुद्धा अट होती. वंशाची अट १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कोर्टात टिकेना, पण प्लॉटच्या अटी टिकल्या. गंमत बघा, या खासगी अटी मोडल्या तर महापालिका स्वतः कोर्टात जाऊ शकते. शिवाय १९९८ नंतर ज्या गल्लीतले मालक एकत्र आले, त्यांना अर्ज करून आपल्यापुरती मोठ्या प्लॉटची मर्यादा ठेवण्याची सोय मिळाली.

आता दुसरं टोक. फोर्थ वॉर्डमधलं फ्रीडमेन्स टाउन. जून १८६५ मध्ये टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची बातमी कळली, आणि त्यातले अनेक जण ह्यूस्टनला येऊन बफेलो बायूच्या दक्षिण काठी वसले. एकामागे एक खोल्या असलेली अरुंद लाकडी घरं, चर्च. रस्त्यांवर विटा त्यांनी स्वतः बसवल्या. १९४० च्या दशकात वस्तीचा मोठा तुकडा घेऊन तिथे सरकारी घरं बांधली, ती फक्त गोऱ्यांसाठी. पुढे हायवे आला. १९८५ मध्ये वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत जागा मिळाली, तेव्हा ५०० हून अधिक जुन्या वास्तू नोंदल्या होत्या.

यादीत नाव आलं म्हणून खासगी मालकाला घर पाडायला बंदी नसते, हे अनेकांना माहीत नसतं. विसाव्या शतकाच्या शेवटी इथले बहुतेक रहिवासी भाडेकरू होते. गल्लीचा अर्ज करायचा तर मालकी लागते. प्लॉटच्या फेरआखणीची नोटीस कायद्याने जाते ती २०० फुटांच्या आतल्या मालकांना, ज्यांची नावं कराच्या यादीत आहेत त्यांना. त्या घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूला नाही. माइक सगळ्यांसाठी होता हो, पण बोलवणं सगळ्यांना नव्हतं. डाउनटाउन चालत जाण्याइतकं जवळ, अटी नाहीत, मालक विकायला तयार. बिल्डरला अजून काय हवं?

२०२१ मध्ये ह्यूस्टनने फ्रीडमेन्स टाउनला शहराचा पहिला हेरिटेज डिस्ट्रिक्ट जाहीर केलं. तोपर्यंत १९८५ च्या यादीतल्या बहुतेक वास्तू गेल्या होत्या. काही रस्त्यांवर त्या विटा अजून आहेत, आणि दोन्ही बाजूंना तीन मजली टाउनहोम, खाली गॅरेज.