सुरखी ते एलसी३ : भाजलेल्या मातीचा प्रवास

भाजलेल्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी. नुसत्या चुन्याचा मसाला हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली तो कच्चाच राहतो. सुरखीतील सिलिका आणि अॅल्युमिना मात्र ओलाव्यात चुन्याशी संयोग पावतात, त्यामुळे मसाला पाण्यातही घट्ट होतो. म्हणून हौद, कालवे आणि धरणांसाठी चुना-सुरखी घाणीत मळून वापरली जाई. केरळातील मुल्लपेरियार धरण (१८९५) आणि म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर ही त्याची मोठी उदाहरणे. मुल्लपेरियारमध्ये पाझरासोबत चुना वाहून जाऊ लागला आणि १९७९ नंतर धरणाला काँक्रीटचा आधार द्यावा लागला.

सुरखीचा गुण माती आणि आच यांवर ठरतो. केओलिनयुक्त माती सुमारे ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील बद्ध पाणी निघून जाते आणि ती क्रियाशील होते. आच फार वाढल्यास हा गुण जातो. वीटभट्टीत आच सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे सुरखीचा दर्जाही एकसारखा राहत नसे.

१९१४ साली पोरबंदरला पोर्टलंड सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. लवकर ताकद धरणाऱ्या या सिमेंटने चुना-सुरखी मागे पडली. भाक्रा धरणात सिमेंटचा काही भाग भाजलेल्या मातीच्या द्रव्याने भरून काढला गेला. पुढे ही जागा औष्णिक वीजकेंद्रांच्या स्वस्त राखेने घेतली.

सिमेंटचा क्लिंकर सुमारे १४५० अंशांना तयार होतो आणि त्यासाठीच्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे उत्सर्जन घटवण्यासाठी स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातील संशोधकांनी एलसी३ सिमेंट विकसित केले. त्याच्या प्रचलित मिश्रणात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. मातीत सुमारे ४० टक्के केओलिनाइट असले तरी पुरते, त्यामुळे चिनी मातीच्या खाणींतील हलका मालही चालतो.

पहिल्या काही दिवसांत ताकद थोडी कमी भरते. सातव्या दिवसापासून ती साध्या सिमेंटच्या बरोबरीला येते. छिद्रे बारीक असल्याने क्षार सहजासहजी आत शिरत नाहीत, हा किनारी बांधकामांतील सळ्यांना मोठा फायदा. उलट हवेतील कार्बन डायऑक्साइडपुढे हे काँक्रीट तुलनेने कमी टिकते, म्हणून सळ्यांवरील आवरण आणि पाणी मारणे यांत हयगय चालत नाही. भाजलेली माती पाणीही जास्त मागते, त्यामुळे मिश्रणात पातळपणा आणणारे रसायन घालावे लागते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक काढले.