परदेशातील दीर्घ सायकलप्रवास : कष्ट आणि कमाई

स्वतःच्या पायांच्या बळावर, आवश्यक ते सारे सामान सायकलीवर लादून, आठवडे वा महिने चालणारी परमुलखातील भटकंती म्हणजे दीर्घ सायकलप्रवास होय. शर्यतीत अंतर कापणे हेच साध्य असते. येथे अंतर हे निमित्त, आणि वाटेतला मुलूख व माणसे हे साध्य.

या प्रवासप्रकाराची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. थॉमस स्टीव्हन्स याने १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातून पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असलेल्या सायकलीवर प्रस्थान ठेवले आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अफगाणिस्तानातून परत फिरावे लागल्याने त्याला समुद्रमार्गे भारतात यावे लागले. पुढे लाहोरहून कोलकात्यापर्यंत तो सायकलीने गेला. मुंबईकरांनाही या परंपरेचा अभिमान बाळगता येईल. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरांची मजल मारून १९२८ मध्ये परतले. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात एकट्याच निघाल्या आणि युगोस्लाव्हिया, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान पार करून दिल्लीस पोहोचल्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा पुरी केली. या प्रवासात स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले होते.

निसर्गाशी सामना

चढ दिसतो आणि कधीतरी संपतो. वारा दिसत नाही आणि संपेलच याची शाश्वती नसते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने समोरचा वारा प्रवाशाची शक्ती शोषून घेतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनिया प्रदेश याकरिता कुप्रसिद्ध आहे. तेथे पश्चिमेकडून येणारा वारा सायकल रस्त्यावरून ढकलून देतो. ऑस्ट्रेलियातील नलारबॉर पठारावरून जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १४६ किलोमीटरचा सरळसोट पट्टा आहे. तेथे एकसुरीपणा मनाची परीक्षा पाहतो आणि वस्त्या दूरदूर असल्याने पाण्याचा हिशेब चुकवून चालत नाही.

मध्य आशियातील पामीर महामार्ग हे सायकलप्रवाशांचे तीर्थक्षेत्रच. ताजिकिस्तानातून किरगिझस्तानातील ओश शहराकडे जाणारा हा मार्ग अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटर उंची गाठतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी भरतो. धाप, डोकेदुखी व निद्रानाश ही विरळ हवेच्या त्रासाची प्राथमिक लक्षणे होत. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि त्रास वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे, असा वैद्यकीय संकेत आहे.

यंत्र, शरीर आणि कागदपत्रे

अनुभवी प्रवासी पोलादी सांगाड्याची सायकल पसंत करतात, कारण तुटलेले पोलाद खेड्यातला वेल्डिंगवालाही जोडू शकतो. सर्वाधिक भार मागच्या चाकावर पडत असल्याने तेथील तारा प्रथम तुटतात. तेव्हा जादा तारा, साखळीचे दुवे आणि पंक्चरचे साहित्य जवळ हवेच. शरीराची भूकही दांडगी असते. दिवसभराच्या श्रमाला चार हजार वा त्याहून अधिक किलोकॅलरी लागतात, आणि शाकाहारी प्रवाशाला गवताळ पठारांच्या प्रदेशात पाव, बटाटे व चहा यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवावी लागते.

भारतीय प्रवाशापुढे आणखी एक खिंड असते, ती व्हिसाची. अनेक वकिलाती मायदेशातूनच अर्ज करण्याचा आग्रह धरतात. मात्र सायकलीने तेथवर पोहोचेपर्यंत व्हिसाची मुदत टळून जाण्याची भीती असते. युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांच्या कोणत्याही कालखंडात ९० दिवसच राहता येते. त्यामुळे मार्ग नकाशाइतकाच दिनदर्शिकेवरही आखावा लागतो.

धोक्याचा विचार टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुलै २०१८ मध्ये ताजिकिस्तानात चार परदेशी सायकलप्रवाशांना हल्लेखोरांनी ठार मारले. अशा घटना विरळ आहेत. रोजचा खरा धोका भरधाव वाहनांचा असतो. ठळक रंगाचे कपडे, मागे पाहण्याचा आरसा, अंधारापूर्वी मुक्काम आणि घरच्यांना नियमित निरोप हे साधे नियमच अधिक उपयोगी पडतात.

कमाई कोणती?

एवढे सोसून हाती काय लागते? ताशी पंधरा किलोमीटरांच्या वेगात भूप्रदेश हळूहळू बदलताना दिसतो. पावाचा आकार, छपरांची ठेवण, नमस्काराची रीत यांची स्थित्यंतरे विमानातून कळत नाहीत. शिवाय सायकलस्वार कोणालाच परका वाटत नाही. घामाघूम झालेल्या माणसाला पाणी विचारण्याची रीत सर्वत्र आहे. इराणात ‘तारुफ’ नावाचा शिष्टाचार आहे. त्यानुसार दुकानदार प्रथम पैसे नाकारतो आणि गिऱ्हाइकाने आग्रहाने द्यावयाचे असतात. पण आडगावी तो नकार पुष्कळदा मनापासूनचा असतो. आपल्या ओळखीचा ‘मुसाफिर’ हा शब्द तुर्की भाषेत ‘मिसाफिर’ होऊन पाहुण्यासाठी वापरला जातो. प्रवासी तोच पाहुणा, हे समीकरण अनातोलियाच्या खेड्यांत चहाच्या प्याल्यासह अनुभवास येते.

दुसरी कमाई अंतर्गत आहे. आपल्याला किती थोडे पुरते, हे चार पिशव्यांत संसार बांधल्यावर उमगते. पाणी, सावली आणि कोरडी जागा मिळाली की दिवस सार्थकी लागतो. एकटेपणा प्रारंभी बोचतो, पुढे सोबती होतो. तो सर्वांनाच मानवतो असे मात्र नाही. मुंबईहून निघालेल्या त्या सहांपैकी तिघांनीच प्रदक्षिणा पुरी केली, हे विसरू नये.

म्हणून इच्छुकांनी आधी पूर्ण सामानासह कोकणच्या चढउतारांवर आठवडाभर सायकल चालवून पाहावी. शरीर, सायकल आणि स्वभाव यांच्या उणिवा तेथेच उघड होतात. आणि घर जवळ असताना त्या कळलेल्या बऱ्या.