पट्टे नाहींसे झाले ती रात्र

दुर्बीण कितीही मोठी केली तरी तारा तींत बिंदुरूपच राहते. हवेच्या कंपानें तो बिंदु थोडा फुगतो, इतकेंच. मग तिचा व्यास मोजावयाचा कसा? फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यानें १८६८ सालीं सुचविलें कीं, दुर्बिणीचें तोंड झांकून दोनच फटींतून प्रकाश आंत घ्यावा. दोन वाटांनीं आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या म्हणजे काळे-उजळ पट्टे उमटतात. फटी दूर सारीत गेल्यास एका ठराविक अंतरावर ते पुसले जातात. तारेचें बिंब जितकें मोठें, तितकें हें अंतर कमी.

मार्सेय येथें स्तेफाननें ८० सेंटिमीटर व्यासाच्या आरशावर हा प्रयोग केला. फटी ६५ सेंटिमीटर दूर असतांही एकाही तारेचे पट्टे पुसले गेले नाहींत. यावरून या तारांचे कोनीय व्यास ०.१५८ विकलेहून कमी असले पाहिजेत, असें त्यानें १८७४ सालीं ठरविलें. या प्रयत्नास निष्फळ म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. किती मोठें यंत्र पुरणार नाहीं, हें त्यानेंच प्रथम दाखविलें.

पुढें मायकेलसननें १८९१ सालीं लिक वेधशाळेंत गुरूचे उपग्रह याच रीतीनें मोजले. परंतु तारांची पाळी येण्यास आणखी एकोणतीस वर्षें लागलीं. कॅलिफोर्नियांत माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटी पोलादी तुळई बसविण्यांत आली व तिजवर सरकते आरसे ठेवले. दुर्बिणीहून यंत्र रुंद झालें तें असें. १३ डिसेंबर १९२० रोजीं पीझनें मृगांतील तांबूस काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, वेधली. आरशांमध्यें १२१ इंच अंतर असतां पट्टे दिसेनात.

पण न दिसणें हा पुरावा कसा व्हावा? आरसा केसभर ढळला तरी पट्टे हरवतात. म्हणून दुसऱ्या तारा पाहिल्या. तेथें पट्टे उमटले, यंत्र निर्दोष होतें. व्यास ठरला ०.०४७ विकला, एडिंग्टननें केवळ गणितानें ०.०५१ वर्तविला होता. तेव्हांच्या अंतरानुसार काक्षी २४ कोटी मैल रुंद निघाली. पृथ्वीची सारी कक्षा तीत मावेल!

निळ्या, तप्त महातारांचीं बिंबें याहून फार लहान दिसतात. त्यांसाठीं ऑस्ट्रेलियांत नॅराब्री येथें हॅन्बरी ब्राउन यानें थोड्या निराळ्या रीतीनें १९७४ पर्यंत ३२ तारा मोजल्या. माउंट विल्सनवर आज सहा दुर्बिणी एकत्र काम करतात. त्यांतील सर्वांत दूरच्या दोहोंमध्यें ३३० मीटर अंतर आहे.